हरलेल्या बाजूने कौल मानावा काय?

(कल्याण येथील उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या अभ्यासवर्गांतील तरुणांनी माझ्यापुढे जो प्रश्न ठेवला आहे, तो वरवर पाहता परदेशातला आहे. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावर ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी सार्वमत घेतले. शंभरांतील सुमारे बावन्न मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, अठ्ठेचाळीस विरुद्ध. त्यानंतर त्या देशात कित्येक वर्षे जो कलह माजला, तो युरोपविषयी जितका होता तितकाच हा निकाल मानावयाचा की नाही याविषयी होता. आपला एक तरुण विचारतो, जवळजवळ अर्ध्या देशाने नाकारलेली गोष्ट सर्व देशाने का स्वीकारावी? लगेच दुसरा म्हणतो, मग बहुमत या शब्दाला अर्थ तो काय उरला?

या दोघांचे समाधान करण्यासाठी लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. ठाण्याच्या स्थानकावर रात्री गाडीत बसले असता सकाळी आपण ज्या मुलखात उतरतो, त्या गोमंतकात हाच प्रश्न १९६७ साली उभा राहिला होता, आणि त्या वेळी महाराष्ट्र हरलेल्या बाजूला होता. म्हणूनच तो दाखला मी घेतो. जिंकलेल्या माणसाला निकाल मान्य करण्यास कसलेच श्रम पडत नाहीत. हरलेल्याच्या जागी बसल्यावाचून या प्रश्नाची खरी अडचण कळत नाही.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे, हा मुद्दा घेऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पक्षाचे म्हणणे असे की, लोकांनी आम्हाला निवडले त्याच दिवशी विलीनीकरणाचा निर्णय झाला. १९६५ साली विधानसभेने तसा ठरावही केला. विरोधी बाजूला डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्यांचे म्हणणे असे की, सरकार कोणी चालवावे यासाठी दिलेले मत आणि आपला प्रदेश कोणत्या राज्यात असावा यासाठी दिलेले मत या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट लोकांना स्वतंत्रपणे विचारा. अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी खास कायदा केला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. यालाच जनमत कौल म्हणतात. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती. विलीनीकरण हवे असेल त्याने फुलावर शिक्का मारावयाचा, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावयाचे असेल त्याने दोन पानांवर. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

आता हरलेल्या बाजूची कैफियत ऐकू. वकिलाच्या सवयीप्रमाणे मी ती आधी जोराने मांडतो आणि मग तपासतो.

पहिला आक्षेप, फरक थोडा आहे. शंभरांत चोपन्न आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीस, एवढ्यावर एका प्रदेशाचे कायमचे भवितव्य ठरवावे काय? आक्षेप ऐकावयास बरा वाटतो. परंतु फुलाला एक हजार मते अधिक पडली असती, तर हाच आक्षेप घेणाऱ्यांनी मुंबईत गुलाल उधळला असता की फरक थोडा म्हणून निकाल परत केला असता? अधिक मोठ्या बहुमताची अट घालता येते, नाही असे नाही. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी काय, यावर १९७९ साली सार्वमत झाले, तेव्हा एकूण मतदारांपैकी चाळीस टक्क्यांनी तरी होकार दिला पाहिजे अशी अट कायद्यात होती. होकारार्थी मते अधिक पडली, पण चाळीस टक्के भरले नाहीत आणि योजना बारगळली. तेथील लोकांना ते फार लागले. परंतु ती अट मतपेटी उघडण्याच्या आधी लिहिलेली होती. मतपेटी उघडल्यानंतर सुचलेली अट ही अट नव्हे.

दुसरा आक्षेप, मतदान निष्पक्ष नव्हते. येथे बांदोडकरांविषयी दोन शब्द आदराने बोलले पाहिजेत. आपण सत्तेवर असताना कौल घेतला तर लोक संशय घेतील, हे ओळखून त्यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि मतदान राष्ट्रपती राजवटीत झाले. हातातली सत्ता सोडून न्यायासनापुढे उभा राहिलेला पक्षकार होता तो. मतदारांविषयी तक्रार होती ती तर उलट बाजूची होती: मुंबईत पोटासाठी आलेल्या गोवेकरांनाही मत द्या, ही दोन पानेवाल्यांची मागणी नाकारली गेली होती. ती मान्य झाली असती तर फरक वाढण्याचाच संभव अधिक. तेव्हा हा आक्षेपही टिकत नाही.

तिसरा आक्षेप मात्र आपल्या जिव्हाळ्याचा आहे, आणि तो मला इतका सहज झटकून टाकता येत नाही. फुलामागे मुख्यत्वे कोण उभे होते? गोव्याचा बहुजन समाज. भाटकाराच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे कूळ, त्याच्याच जागेत घर बांधून त्याच्या मर्जीवर राहणारा मुंडकार. सीमेपलीकडे महाराष्ट्रात कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारा कुळकायदा आहे, मराठी शाळा आहेत, तेथे गेलो तर भाटकाराची मान खाली होईल, ही त्यांची आशा होती. विलीनीकरणाच्या घोषणेत भाषेइतकीच ही भाकरी होती. मग हे लोक विचारणार, वरच्या वर्गांनी आम्हाला हरवले, तो निकाल आम्ही डोके टेकून का मानावा? आपण त्या जागी असतो तर आपणही हेच विचारले असते.

याचे उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागते. एक तर दोन पानांवर पडलेली पावणेदोन लाख मते सगळी भाटकारांची असणे शक्यच नव्हते. त्यांत ख्रिस्ती समाज होता, कोंकणी भाषेचे अभिमानी होते, आणि आपला लहानसा मुलूख मोठ्या राज्यात बुडून जाईल अशी धास्ती घेतलेले साधे हिंदू गृहस्थही होते. विलीनीकरणाविरुद्ध जोराने लिहिणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीत निघत होते, एवढे सांगितले म्हणजे रेषा किती वाकडीतिकडी होती ते कळेल. आपल्या विरुद्ध पडलेले प्रत्येक मत शत्रूचे असते, असे समजणाऱ्याला पुढच्या मतदानात एकही नवे मत मिळत नाही.

दुसरी पायरी अधिक महत्त्वाची. कुळाला हवा होता तो कायदा, नकाशा हे त्याचे साधन होते. नकाशाचा दावा तो हरला, पण विधानसभा त्याच्या हातून गेली नव्हती. कौलानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली, आणि तीसपैकी १६ जागा जिंकून बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. दोन पानांना बहुमत देणाऱ्या प्रदेशाने फुलाच्या पुढाऱ्याला राज्य दिले! सिक्वेरा म्हणत होते ती गोष्ट खरी ठरली, आणि फायदा झाला तो बांदोडकरांना. कुळांसाठी १९६४ साली एक कायदा झालेलाच होता. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकून लावण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला, आणि १९७६ साली, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, कुळकायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कुळांना मालकीचा हक्क मिळाला. कायदा झाला म्हणजे जमीन हाती आली असे नव्हे, हे आपणा कोणाला सांगावयास नको. तरी त्या कुळांनी १९६७ च्या जानेवारीत निकाल नाकारून पुढील मतदानावर बहिष्कार टाकला असता, तर हे कायदे कोणी केले असते?

दिलेले उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतेच असते, हेही या प्रकरणात दिसून येते. मतपत्रिकेवर घटक राज्य असा तिसरा पर्याय नव्हताच. म्हणून "केंद्रशासित राहा" हा कौल शिळेवरचा लेख ठरला नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, आणि त्याने १९६७ च्या कौलाचा भंग झाला असे कोणी म्हटले नाही. विलीनीकरण नको, एवढेच लोकांनी सांगितले होते आणि तेवढेच पाळले गेले.

आता आपल्या महाराष्ट्राला एक कडू प्रश्न विचारतो. बेळगाव-कारवारच्या बाबतीत आपण काय म्हणत आलो? खेडे हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या पाहा, सलगता पाहा आणि लोकांची इच्छा पाहा. गोव्याच्या कौलाच्या सुमारासच, १९६६ साली, महाजन आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याने बेळगाव म्हैसूर राज्याकडे ठेवण्याची शिफारस केली आणि महाराष्ट्राने ती नाकारली. नाकारण्यास सबळ कारण होते, कारण तेथील लोकांना मतपेटीतून कोणी विचारलेच नव्हते. परंतु बेळगावात लोकेच्छेचा आधार घेणाऱ्याला पणजीत लोकेच्छा झिडकारता येत नाही. न्यायालयात असा पक्षकार उभा राहिला तर न्यायाधीश त्याला विचारतील, बाबा, आज तू कोणत्या बाजूचा?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग बहुमताचा प्रत्येक निर्णय मुकाट मानावयाचा काय? मुळीच नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठराव रद्द केला. तोही बहुमताचाच निर्णय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मानला नाही, कारण पाणी पिण्याचा हक्क हा शेजाऱ्यांच्या मतमोजणीचा विषय होऊ शकत नाही. मात्र त्यांनी तो कसा मानला नाही, हे लक्षात घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये हजारो लोक महाडात जमलेले असताना दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम लागू होता, तेव्हा तळ्यावरचा सत्याग्रह त्यांनी तहकूब केला आणि दावा लढविला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १७ मार्च १९३७ रोजी झाला. दहा वर्षे गेली, पण त्या निर्णयाला कोणा नगरपालिकेच्या बहुमताने हात लावता येण्यासारखा नव्हता.

नवदीक्षित कुटुंबांनी हा भेद घरी मुलांना समजावून सांगावा. गावकी जमून हात वर करील आणि अमुक घराने धर्म बदलू नये असे ठरवील, तर त्या ठरावाची किंमत कागदाइतकीही नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने तो विषय हात वर करण्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पण गावात रस्ता आधी की पाण्याची टाकी आधी यावर आपण हरलो, तर हरलो.

आणखी एक भेद आहे, तो मतदाराचा. सप्टेंबर १९३२ मध्ये पुण्यास जी बोलणी झाली, त्यांत सार्वमतावरूनच मोठा खल झाला होता. राखीव जागांची पद्धत चालू ठेवावी की नाही, हे काही वर्षांनी अस्पृश्यांच्या सार्वमताने ठरावे, अशी बाबासाहेबांची मागणी होती. वर्षे किती यावर गांधीजींशी एकमत होईना, आणि २४ सप्टेंबरच्या करारात सार्वमत वगळून ही गोष्ट संबंधित समाजांच्या परस्परसंमतीवर सोपविण्यात आली. सर्व हिंदूंचे सार्वमत बाबासाहेबांनी मागितले नव्हते. ज्याच्या पायात काटा आहे त्यालाच विचारा, हा त्या मागणीचा गाभा होता. गोव्याचा प्रश्न गोव्याच्या रहिवाशांना विचारला, साऱ्या महाराष्ट्राला विचारला नाही, ते याच न्यायाने योग्य होते.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आपल्या संविधानात सार्वमताची तरतूद नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला आहे. म्हणूनच गोव्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ब्रिटनमध्येही २०१६ चा निकाल आपोआप अमलात आला नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये, अकरापैकी आठ न्यायाधीशांच्या मताने, पार्लमेंटने कायदा केल्याशिवाय सरकारला संघातून बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही असे ठरविले. पुष्कळांना तो जनतेचा अवमान वाटला. मला तसे वाटत नाही. लोकांनी दिशा सांगितली, वाट कायद्याने आखली.

शेवटी आपल्या अंगणातला प्रश्न. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली झाली. तिच्यातील सत्तावीस गावे २००२ साली बाहेर काढली गेली, २०१५ साली पुन्हा आत घेतली गेली, आणि २०२० साली त्यांपैकी अठरा गावे वगळण्याची जी अधिसूचना निघाली, ती त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केली. या येरझाऱ्यांत गावांचा कौल मतपेटीतून कोणी घेतला नाही. तेथील तरुण मला विचारतात, गोव्यासारखे मतदान आम्ही मागावे काय? खुशाल मागा. मात्र आधी विचारून घ्या की प्रश्न कोणत्या शब्दांत मांडणार, किती मते पुरेशी धरणार, आणि मतदारयादीत गावठाणातील जुन्या घराण्यांबरोबर नव्या इमारतींतील भाडेकरू आणि गावाच्या कडेच्या आपल्या वस्त्या असणार की नाही. हे सारे आधी ठरले, आणि निकाल तुमच्या विरुद्ध गेला, तर मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी वकीलपत्र घेऊन माझ्याकडे येऊ नका. यादीतून आपली वस्ती वगळली गेली असेल, तर मात्र मतदानाच्या आधीच या.