आमचा किल्ला आणि आमचे मावळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि आजवर जे काही बोलले ते हळदीकुंकवाला नाहीतर जिन्यात उभ्याउभ्या. परंतु मागच्या सभेत असा विचार निघाला, की मंडळाच्या बचतीतले पैसे घालून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आपणच करावेत आणि विकावेत. तेव्हा कार्यवाहबाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडे दरवर्षी हे उद्योग चालतात. काय जमते नि काय जमत नाही ते तुम्हीच सांगा." जमलेले सांगायला दोन मिनिटे पुरतील. न जमलेलेच पुष्कळ आहे. तेच सांगते, कारण पैसे आपल्या सर्वांचे आहेत, आणि काहीजणींनी ते कोणत्या खर्चातून मागे टाकले हे मला ठाऊक आहे.

किल्ल्याचे मुख्य अंग माती. काळी माती मऊ, हाताला गोड लागते, म्हणून पहिल्या वर्षी मुलांनी तीच आणली. ओली असताना रायगड दृष्ट लागण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी ऊन लागताच हिरकणीच्या बुरुजापासून पायथ्यापर्यंत भेगा पडल्या. काळी माती वाळताना फार आकसते, हे शेतकऱ्याच्या घरच्या बाईला सांगायला नको. पुढे तांबडी माती आणि भाताचे तूस असे केले. तेव्हा भेगा थांबल्या, पण उभ्या कड्यावरून माती पापुद्र्यासारखी सुटून येई. गोणपाट कोरडे टाकून वर चिखल थापला की असेच होते. गोणपाटच आधी चिखलाच्या पाण्यात बुडवून काढले, दगडविटांवर सुरकुत्या पाडून पसरले, म्हणजे कडा उभा राहतो. राजगडाच्या तिन्ही माच्या या सुरकुत्यांनी इतक्या छान उठतात की वेगळे कोरावे लागत नाही. रायगडाचे मात्र एक सांगते. तिथला महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला आहे, समोरून दिसतच नाही. आम्ही तो तसाच केला, आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणाला, "अरे, दरवाजा करायचा राहिला वाटते!"

एक वर्ष थर्मोकोलचा किल्ला करून पाहिला. मुलाने दुकानातून फवाऱ्याच्या रंगाचा डबा आणला आणि एकच फवारा मारला. तटबंदी जाळीदार घावनासारखी झाली! त्या रंगात जे पातळ द्रव्य असते ते थर्मोकोल विरघळवते. पाण्यातला रंग चालतो. आता तो प्रश्नच मिटला आहे, २०१८ साली आपल्या राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यानंतर प्लास्टर ऑफ पॅरिस आणले. ते कालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होते. एवढ्यात मुलांचे "बुरूज इथे की तिथे" हेच संपत नाही, घमेल्यातच दगड होतो. आणि २०१९ च्या दिवाळीत पाऊस काही हटता हटेना, त्यात प्लास्टरचा तट भिजून मऊ पडला. मातीचा किल्ला भिजला तर पुन्हा थापता येतो, प्लास्टर फेकावेच लागते. जाऊबाईंचे मत वेगळे आहे, त्यांना प्लास्टरची सफाई आवडते. असो.

आता मावळे, म्हणजे मुख्य विषय. बाजारात प्लास्टिकचे हिरवे सैनिक पुडीने स्वस्त मिळतात. त्यांच्या टोपीवर एम-सीलची पगडी चढवावी, बंदुकीची नळी कापून भाला करावा, की झाला मावळा, असा आमच्या घरातला बेत. दिसायला झाला देखील. परंतु ते प्लास्टिक मेणासारखे गुळगुळीत, त्याला काही धरत नाही. भाला जरा वाकला की रंगाची खपली उडे, आणि पगडी अखंड निघून हातात येई. मग मऊ रबरासारख्या बाहुल्या घेतल्या. त्यांना तेलरंग दिला. तिथे उलटे झाले, रंग वाळेचना. दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी बोट लावले की चिकट. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले तर गालावर बातमी उमटली. त्या मऊ प्लास्टिकमधले तेल हळूहळू बाहेर येते आणि रंगाला वाळू देत नाही, असे नंतर कळले. तेव्हा तयार खेळण्यांवर आपण रंग चढवून विकावा, या विचाराला माझा साफ विरोध आहे.

राहिला कागदाचा लगदा. गव्हाच्या खळीत कालवलेल्या लगद्याला मुंग्या लागल्या, झुरळांनी दोन मावळ्यांचे पाय खाल्ले. सासूबाईंनी सांगितले, मेथीचे पीठ घाला. पूर्वी घरोघर लगद्याच्या टोपल्या होत, त्या मेथी घालूनच. कडवटपणामुळे कीड येत नाही आणि चिकटही बसते. हे मात्र साधले. तरी श्रावणात केलेल्यांना बुरशी आली, आणि वाळताना लगदा आकसतो म्हणून साच्यातले धारदार नाक वाळल्यावर वाटाण्याएवढे होते. माझ्या एकटीच्या हाताने दिवसाला दहा-बारा नग होतात. उन्हाची खात्री गणपतीनंतर, आणि तेव्हाच घरोघर नवरात्राची झाडलोट. हात किती मोकळे राहतील याचा हिशेब प्रत्येकीने आपल्या घरी करावा.

एक गोष्ट जरा थांबून सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दहा महिन्यांच्या बाळाने रस्त्यावर विकत घेतलेला एक मावळा तोंडात धरला आणि पगडीचा सगळा तांबडा रंग चोखला. रात्रभर त्याच्या आईच्या जिवाला घोर. डॉक्टरांनी तपासले, बाळ सुखरूप होते. पण त्यांनी विचारले, "रंग कोणता होता?" याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. रंगातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु सुट्या, बिनचिठ्ठीच्या रंगाची हमी कोण देणार? शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांच्या आतील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय.चा शिक्का लागतो. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना त्यात सूट आहे. आपण त्यात बसतो का, ही चौकशी आधी, पैसे नंतर, असे माझे म्हणणे आहे.

तोवर विकायचेच असेल तर आळिवाच्या पुड्या विकाव्यात. आळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि उतारावर चिकटून राहतो. मोहरी घरंगळून पायथ्याशी गोळा होते, मग डोंगर बोडका आणि खंदकात रान. आळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरला, की पाडव्यापर्यंत किल्ला हिरवागार दिसतो. पुडीसोबत गोणपाटाचा तुकडा आणि गेरू दिला तर घेणारे घेतील. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हापासून पोरांना तमिळनाडूतली जिंजीसुद्धा करायची आहे. तिला टेकड्या तीन, म्हणजे गोणपाटही तिप्पट!

साच्याचे दोन्ही भाग, रंग न दिलेले चार लगद्याचे मावळे आणि तो अजून चिकट असलेला एक बाहुला मी पिशवीतून आणला आहे. चहा होईपर्यंत ते टेबलावर ठेवते. सगळ्यांनी हात लावून बघावे, आणि मग मत द्यावे.