सकाळचं पहिलं पाऊल

(गेल्या कोजागिरीला आपल्या गच्चीवर झालेल्या भाषणाचं शब्दांकन. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



सांस्कृतिक समितीनं मला सांगितलं, 'तुम्ही पळता, तर आरोग्यावर दहा मिनिटं बोला.' मी काही डॉक्टर नाही. तीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या. आणि खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांतले चौदा महिने मी पळतच नव्हते, लंगडत होते. गेटपासून लिफ्टपर्यंत तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. तेव्हा त्या लंगडण्याबद्दलच बोलते.

पळायला लागले पंचेचाळिशीनंतर. पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्या तासात मी कुणाची सून नाही, आई नाही, कुणाचा डबा नाही, कुणाचं औषध नाही. वेताळ टेकडीवर मोर ओरडतात, तेवढाच आवाज. हा तास मला किती लागतो, हे तो गेल्यावर कळलं.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला नाव दिलं होतं. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा, एकूण २१ किलोमीटर. उत्साहात मी आठवड्याचं पळणं तीन आठवड्यांत पंचवीस किलोमीटरवरून पंचेचाळीसवर नेलं, वर टेकडीचे चढ. बूट तेच जुने, तळ झिजलेले. एके दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. दहा पावलं चालल्यावर कमी झाली. मला वाटलं, गेलं. इथेच फसले.

या दुखण्याचं नाव प्लांटार फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो, अस्थिबंधाच्या म्हणजे लिगामेंटच्याच जातीचा. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान धरून ठेवतो. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला त्यावर एकदम सगळं वजन येतं. म्हणून ती कळ.

चार महिने मी कुणाला सांगितलं नाही. दुखत असताना पळत राहिले. मग घरच्यांनी पकडलं. एक्स-रेमध्ये 'हाड वाढलंय' निघालं आणि मी हादरलेच. पण तसं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही दिसतं, हे नंतर समजलं.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली आणि उपाय सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायला सांगितली. पान स्वतः आणूनही दिलं. कुणी हळदीचा लेप, कुणी फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवायला. शेकून बरं वाटायचं, बाटलीनंही वाटायचं. पण सकाळचं पहिलं पाऊल काही बदलायचं नाही.

दोन महिने पूर्ण विश्रांती घेतली. दुखणं गेलं. पळाले, तिसऱ्या दिवशी परत आलं. मग इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, लगेच पळू नका. मी सहाव्या दिवशी टेकडीवर! दीड महिन्यानं पहिल्यापेक्षा वाईट. यात दोष कुणाचा ते सांगायला नको.

त्या काळात मी घरात फार वाईट वागले. मुलीचा परदेशातून फोन यायचा, तिनं 'पाय कसा आहे?' विचारलं की मी तुटून पडायचे. शेवटी तिनं विचारणंच सोडलं. पायापेक्षा ते जास्त लागलं.

मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, 'पट्ट्याला नुसती विश्रांती देऊन तो मजबूत होत नाही. त्याला वजन पेलायला शिकवावं लागतं, पण हळूहळू.' २०१४ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक व्यायाम त्यांनी दिला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा, टाच बाहेर लोंबती, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बाराच्या वर एकही जमू नये इतकं वजन. दिवसाआड. त्या अभ्यासात नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा हे करणाऱ्यांना तीन महिन्यांनी जास्त आराम होता. वर्षानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच. म्हणजे जादू नाही.

बी विंगच्या जिन्यात, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी घालून उभी असलेली बाई तुम्हाला आठवत असेल. मुलं विचारायची, 'काकू, ट्रेकला चाललात?' मी म्हणायचे, 'हो रे, दुसऱ्या मजल्यावर.'

दुसरी अट अवघड होती. घरात अनवाणी चालायचं नाही. आपल्या घरातल्या या गुळगुळीत कडक फरशा, आणि आमच्याकडे देव्हारा स्वयंपाकघरात! सासूबाईंनी आयुष्यभर घरात चप्पल चालू दिली नाही. मी विचारलंच नाही. चोरून, त्या झोपल्या की घालायचे.

एक दिवस त्या एकट्या रिक्षानं मंडईपर्यंत जाऊन आल्या. पिशवीतून जाड तळाच्या चपलांचा जोड काढला. म्हणाल्या, 'ही घरातली. बाहेर न्यायची नाही. देवापुढे काढायची. आणि चोरून घालू नकोस, फटफट ऐकू येते मला.' त्या रात्री मी मुलीला फोन केला. आधी माफी मागितली, मग पायाचं सांगितलं.

पाचव्या महिन्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू केलं. नियम एकच. आज कितीही छान वाटो, निकाल उद्या सकाळचं पहिलं पाऊल देणार. ते जास्त दुखलं तर एक पायरी मागे. रडले, पण मागे गेले.

आता मी सलग पाच किलोमीटर पळते. सातारा अजून झालेलं नाही. होईल की नाही माहीत नाही, आणि गंमत म्हणजे त्याचं दडपण नाही.

तुमच्यापैकी कुणाची टाच सकाळी दुखत असेल, तर माझ्यासारखं चार महिने लपवू नका. वेळेत दाखवा. आणि वजन घेऊन जिन्यात उभं राहण्याआधी जाणकाराला विचारा, प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. बहुतेकांचं हे दुखणं बरं होतं, पण महिने घेतं. तेवढे महिने घरच्यांवर राग काढू नका, एवढंच माझ्या अनुभवातून सांगते.

रुईचं पान आणणाऱ्या काकूंचे आणि जिन्यात मला वाट देऊन कडेनं जाणाऱ्या बी विंगच्या सगळ्यांचे आभार. दुधाचा वास यायला लागलाय, थांबते.