अँप्यूलवरचा आकडा



 डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेत्यांची ही परिषद गिरगावातल्या फणसवाडीत भरली, याचा अध्यक्ष म्हणून मला विशेष आनंद वाटतो. इथून चालत थोड्या अंतरावर प्रिन्सेस स्ट्रीटचा औषधबाजार आहे. मुंबईतल्या कितीतरी दवाखान्यांच्या सुया, सिरिंजा आणि अँप्यूल तिथून येतात. आणि याच गिरगावात १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, तरी १९२७ साली सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत चालवलं. शरीराबद्दल मराठीत सरळ बोलायची वाट त्यांनी घालून दिली आहे. म्हणून ट्रान्स पुरुषांना दिल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दल मी आज आडपडदा न ठेवता बोलणार आहे.

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असं सांगितलं. २०१८ साली बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर आपल्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत या विषयाची चर्चा झाली. चर्चा झाली ती शस्त्रक्रियेची. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याला मात्र ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी लिहून झाली की पुढची सगळी वर्षं तो माणूस आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायला येतो. त्यामुळे हा विषय तज्ज्ञांइतकाच आपलाही आहे.

टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं १९३५ साली. ते तयार करणाऱ्या बुटेनांट आणि रुझिच्का या दोन रसायनशास्त्रज्ञांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण शुद्ध टेस्टोस्टेरॉन गिळलं तर यकृत ते बरंचसं मोडून टाकतं आणि नुसतं टोचलं तर ते लवकर संपतं. म्हणून त्याला एस्टर जोडून तेलात विरघळवतात. ते तेलाच्या थेंबातून हळूहळू रक्तात उतरतं. प्रोपिओनेट दोन-तीन दिवसांत ओसरतं, एनॅन्थेट आणि सिपिओनेट आठवडा-दोन आठवडे पुरतं, अनडेकॅनोएट तर तीन महिन्यांच्या आसपास टिकतं. सुस्टॅनॉन या इंजेक्शनमध्ये चार एस्टर एकत्र आहेत आणि त्याचं तेल शेंगदाण्याचं असतं. रुग्णाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे काउंटरवर विचारायलाच हवं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात पडते ती एक मिलिलिटरची, २५० मिलिग्रॅमची काचेची अँप्यूल. ती फोडली की अख्खी टोचायची आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं, असा शिरस्ता पडून गेला आहे. म्हणजे डोस ठरवते ती अँप्यूल. टोचल्यावर पहिल्या काही दिवसांत पातळी पुरुषांच्या नेहमीच्या मर्यादेच्या वर जाते आणि पुढच्या इंजेक्शनच्या आधी तळाला येते. शेवटच्या चार दिवसांत अंग गळून जातं, चिडचिड होते, झोप बिघडते. कोणाला बंद झालेल्या मासिक पाळीचा डाग पुन्हा दिसतो, आणि ट्रान्स पुरुषासाठी तो दिवस किती जड जातो हे ज्यांनी त्यांच्याशी बोलून पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे. अशा वेळी आपण त्याला मनाचे खेळ म्हणून परत पाठवतो. ते मनाचे खेळ नसतात, औषध संपलेलं असतं.

यावरचा उपाय साधा आहे: तोच डोस विभागून द्यायचा. २५० मिलिग्रॅम तीन आठवड्यांनी देण्याऐवजी दर आठवड्याला ७५ ते ८० मिलिग्रॅम. महिन्याचं औषध जवळपास तेवढंच, पण शिखर खाली येतं आणि तळ वर येतो. आठवड्याच्या या डोससाठी कमरेच्या स्नायूत दीड इंची सुई खुपसायचीही गरज नाही. त्वचेखालच्या चरबीत दिलं तरी चालतं. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ ट्रान्स पुरुषांना असं त्वचेखाली टेस्टोस्टेरॉन दिलं आणि पातळी योग्य मर्यादेत आली. त्यांतल्या ज्या २२ जणांना आधी स्नायूत घेण्याचा अनुभव होता, त्यांतल्या एकानेही जुनी पद्धत अधिक पसंत केली नाही. आपल्याकडच्या पाकिटावर स्नायूत द्यायचं असं छापलेलं असतं. म्हणून निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा, रुग्णाला तसं सांगावं आणि केसपेपरवर लिहावं.

माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाला मी हे शिकवलं. चाळीतली एक खोली, घरात पाच माणसं. अँप्यूल आधी तळहातात धरून कोमट करायची, म्हणजे तेल पातळ होतं. जाड सुईने औषध ओढायचं, सुई बदलायची, २५ नंबरची लावायची. २५० ची अँप्यूल असेल तर ७५ मिलिग्रॅम म्हणजे ०.३ मिलिलिटर. ही रेघ एक मिलिलिटरच्या सिरिंजवरच नीट दिसते. पाच मिलिलिटरच्या सिरिंजवर तिचा अंदाजच करावा लागेल. बेंबीपासून दोन बोटं लांब, पोटाची त्वचा चिमटीत धरायची, सुई घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा, दहापर्यंत मोजून सुई काढायची. पुढच्या आठवड्यात दुसरी बाजू. एखादी लहानशी गाठ दोन दिवस लागली तर घाबरायचं नाही. लाल होऊन ठणकायला लागली तर दवाखान्यात यायचं. तो आता स्वतः टोचतो. कंपाउंडरसमोर पँट सैल करायची वेळ टळली, याचं मोल त्याला औषधाच्या किमतीहून जास्त वाटतं.

पण अडचण आहे आणि ती खरी आहे. उरलेल्या १७५ मिलिग्रॅमचं काय करायचं? फुटलेली काच पुन्हा बंद होत नाही. काही मुलं उरलेलं औषध सिरिंजमध्ये भरून, टोपी लावून कपाटात ठेवतात. कुणी एक अँप्यूल तिघांत वाटून घेतात. त्यात जंतुसंसर्गाची भीती आहे, आणि सिरिंज एकच असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचीही. उरलेलं फेकून द्या, असं मी सांगते, आणि ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर पैशाचा हिशेब उमटतो. म्हणून इथे बसलेल्या घाऊक विक्रेत्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: रबरी बुचाची, पुन्हा पुन्हा औषध ओढता येईल अशी भरवशाच्या कंपनीची बाटली प्रत्येक केमिस्टकडे मिळू द्या, कंपन्यांकडे तशी मागणी लावून धरा. कमी मिलिग्रॅमची अँप्यूल मिळत असेल तर ती साठ्यात ठेवा. त्याशिवाय आठवड्याचा डोस गरिबाला परवडणार नाही.

अनडेकॅनोएटचं इंजेक्शन दहा ते चौदा आठवड्यांनी एकदा घ्यायचं असतं, दुसरं मात्र सहा आठवड्यांनी. त्यात चढ-उतार कमी. पण चार मिलिलिटर तेल कमरेच्या स्नायूत दोन मिनिटं लावून हळूच द्यावं लागतं. ते घरी घ्यायचं औषध नाही. तेलाचा कण फुप्फुसात गेला तर लगेच खोकल्याची उबळ येते, धाप लागते, म्हणून रुग्णाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवा. घाईच्या ओपीडीत हे जमत नसेल तर दुसरी वेळ द्या.

रक्ततपासणीबद्दल थोडं अधिक बोलते, कारण तिथे फार गोंधळ आहे. ६०० हा आकडा चांगला की वाईट? इंजेक्शननंतर कितव्या दिवशी रक्त घेतलं हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. एनॅन्थेट किंवा सिपिओनेट घेणाऱ्याचं रक्त दोन इंजेक्शनांच्या मध्यावर घ्यावं, तेव्हा पातळी ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान असावी. अनडेकॅनोएट असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. पॅथॉलॉजीवाल्यांनी फॉर्मवर ‘शेवटचं इंजेक्शन कधी’ ही एक ओळ वाढवली तर कितीतरी चुकीचे डोस टळतील. सोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी बघा. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं, आणि हा आकडा ५४ टक्क्यांच्या वर गेला तर डोस थांबवून कारण शोधायला हवं. सिगारेटनेही रक्त दाट होतं, म्हणून ती ओढणाऱ्याला हे आधीच सांगा.

दाढी लवकर यावी म्हणून दुप्पट डोस मागणारे तरुण येतात. त्यांना रागावू नका, समजावून सांगा. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. दाढी, आवाज यांना त्यांचा वेळ लागतोच. आणि एक गोष्ट, जी कर्व्यांच्या गिरगावात तरी राहून जाऊ नये: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असं नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे, आणि गर्भ राहिला तर त्याला ते अपायकारक आहे. ज्याला गरज आहे त्याच्याशी संततिनियमनाचं बोलणं पहिल्याच भेटीत झालं पाहिजे.

जेवणानंतरच्या सत्रात आपल्या परिचारिका भगिनी त्वचेखाली इंजेक्शन देण्याचं प्रात्यक्षिक करणार आहेत. टेबलावर एक मिलिलिटरच्या सिरिंजा आणि सरावासाठी नुसतं तेल ठेवलं आहे. डॉक्टर मंडळींनी पुढच्या रांगेत बसावं आणि ०.३ ची रेघ प्रत्येकाने स्वतःच्या हाताने भरून बघावी, एवढी विनंती करते आणि परिषदेचं कामकाज सुरू झाल्याचं जाहीर करते.