सर्व्हर ‘असाच’ बंद पडत नाही

आजचा एपिसोड एका बंद पडणाऱ्या सर्व्हरबद्दल आहे, आणि त्या सर्व्हरपायी नोकरी जाता जाता राहिलेल्या एका ताईबद्दल. टेक्निकल गोष्टी येतील, पण घाबरू नका. बसमध्ये कानात इअरफोन घालूनही समजेल असंच सांगतो.

तर मी मूळ कामठीचा. बीटेक नागपुरात केलं, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर इंजिनिअर. मे महिन्यात घरी लग्न होतं म्हणून वर्क फ्रॉम होम घेऊन आलो होतो. आता मे मधली कामठी म्हणजे तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळीसच्या आसपास, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घराघरात कूलरची घरघर.

आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेतून बाबांना फोन आला. “तुमचा पोरगा कॉम्प्युटरवाला आहे ना? आमचा सर्व्हर कधीही बंद पडून राहिला. जरा पाठवा त्याले.” मी गेलो. साहेबांनी पहिल्याच वाक्यात निकाल देऊन टाकला: “दुपारी या मॅडम एकट्याच असतात, आणि दुपारीच बंद पडते. काहीतरी दाबतात त्या. महिनाअखेर दुसरा माणूस पाहतो.”

ताई समोरच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आणि मी, खरं सांगतो, मी पण पहिला प्रश्न हाच विचारला, “ताई, बंद पडायच्या आधी तुम्ही काय दाबलं होतं?” या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

असो. मशीनकडे वळलो. लिनक्स सर्व्हर. पहिलं काम, किती वेळा आणि कधी बंद पडला ते बघणं. त्यासाठी एक साधी कमांड आहे, ‘लास्ट मायनस एक्स’. मशीन कधी सुरू झालं, कधी बंद झालं याची यादी मिळते. नीट बंद केलेलं असेल तर ‘शटडाऊन’ अशी ओळ दिसते. ती ओळ नसताना थेट ‘रीबूट’ दिसलं, तर मशीन झटक्यात गेलं. १ मे ते १८ मे, १८ दिवसांत असे ९ झटके. सगळे दुपारी १२ ते ५ च्या मधले.

ती यादी हजेरीपटाशेजारी ठेवली. ९ पैकी २ वेळा ताई रजेवर होत्या, रामटेकला लग्नाला. म्हणजे साहेबांची थिअरी तिथेच लंगडी झाली. पण “ताई नाहीत” हे कळलं म्हणजे “मग कोण” हे कळलं असं नाही ना.

दुसरं काम, मरायच्या आधी मशीन काय म्हणालं ते वाचणं. ‘जर्नलसीटीएल’मध्ये मागच्या बूटचा लॉग बघता येतो. फक्त लॉग डिस्कवर साठवला जातोय ना, ते आधी तपासा, नाहीतर रीबूटसोबत सगळं पुसलं जातं. इथे लॉग होता. शेवटची ओळ एकदम साधी, कुणीतरी लॉगिन केल्याची. त्यानंतर काहीच नाही. वाक्य अर्ध्यात तुटावं तसं.

सॉफ्टवेअर कोसळतं तेव्हा बहुतेकदा काहीतरी ओरडून जातं. कर्नल पॅनिक झालं तर संदेश येतो. तो डिस्कपर्यंत पोचला नाही तरी पकडता यावा म्हणून ‘केडम्प’ नावाची सोय असते. ती चालू केली. विंडोजवाल्यांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ शोधा. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. का, ते तो सांगत नाही.

आता माझी चूक. मला वाटलं, उन्हाळा आहे, हीट असेल, नाहीतर रॅम. रात्रभर मेमटेस्ट लावला. सकाळी बघतो तर शून्य एरर. तरी मनातली शंका जाईना. रॅमवर शंका घेणं काही वेडेपणा नाही हं. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला बरोबर ४०९६ मतं जास्त पडली होती. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. म्हणून मेमरीतला एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. हे आठवून मी काय केलं? रॅम बदलली, पंखा साफ केला, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली. तिन्ही एकाच संध्याकाळी.

तीन दिवस सर्व्हर मस्त चालला. साहेब खूश, मी पण खूश. चौथ्या दिवशी दुपारी पावणेतीनला परत गेला. केडम्पमध्येही काही नाही.

इथे एक हिशोब सांगतो, लक्षात ठेवा. १८ दिवसांत ९ वेळा म्हणजे सरासरी दोन दिवसांतून एकदा. असं मशीन काहीही न करता सलग तीन दिवस शांत राहायची शक्यता साधारण पाचातून एक आहे. म्हणजे मी नुसत्या नशिबाला ‘फिक्स’ समजत होतो. अंगठ्याचा नियम असा: सरासरी जितक्या दिवसांनी बिघाड होतो, त्याच्या तिप्पट दिवस तरी शांत जाऊ द्या. तेव्हा कुठे नशिबाची शक्यता वीसातून एकावर येते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि चाललं, तर कशामुळे चाललं हे जन्मात कळत नाही.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ताईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो. म्हटलं, “ताई, मी चुकीचा प्रश्न विचारला होता. तुम्ही काय केलं ते नको. तुम्हाला काय दिसतं, काय ऐकू येतं, ते या रजिस्टरमध्ये लिहाल का?” त्या म्हणाल्या, “लिहितो ना भाऊ. पण मले कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही.” म्हटलं, तेच बरं आहे.

पुढच्या नऊ दिवसांत चार वेळा बंद पडला. पहिल्या नोंदीत नुसती वेळ होती. दुसऱ्या नोंदीत लिहिलं होतं, “कूलरचा आवाज बसला, मग परत आला.” तिसरीत, “ट्यूबलाईट मिचकावली.” चौथीत दोन्ही.

मी ते रजिस्टर हातात घेऊन दोन मिनिटं गप्प बसलो. भर दुपारी अख्ख्या गल्लीचे कूलर चालू. लाईन पूर्ण जात नाही, पण क्षणभर दबते. सर्व्हर यूपीएसवर, यूपीएसचा हिरवा दिवा चालू, म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. मीही नाही. काउंटरचे पीसी वेगळ्या यूपीएसवर, त्यामुळे ते टिकून राहायचे.

रविवारी सर्व्हर नीट शटडाऊन केला, त्याची वायर काढली. त्याच्या जागी यूपीएसला शंभर-शंभर वॅटचे दोन जुने बल्ब जोडले. लाईनचा प्लग काढला. बल्ब दोन सेकंदही जळले नाहीत. फट्दिशी अंधार.

यूपीएस उघडला, तर बॅटरीवर पाच उन्हाळ्यांपूर्वीची तारीख. या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं चालतात, तेही पंचवीस अंशांच्या आसपास ठेवल्या तर. त्यापुढे दर दहा अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आणि आपला यूपीएस कुठे? टेबलाखाली, कूलरचा वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात, आणि मुक्काम कामठी!

लाईन दबली की यूपीएस बॅटरीकडे वळायचा आणि बॅटरी बसायची. मशीनच्या पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर फार तर पंधरा-वीस मिलिसेकंद तग धरतात. तेवढ्यात लॉग काय लिहिणार बिचारा! आणि माझा मेमटेस्ट रात्री पास झाला कारण रात्री लाईन दबतच नव्हती. ज्या परिस्थितीत बिघाड होतो, त्या परिस्थितीत टेस्ट केली नाही, तर पास झाल्याला काही अर्थ नाही.

बॅटरी बदलली. बल्बची टेस्ट परत घेतली, पंधरा मिनिटं जळत राहिले, मग मीच बंद केले. पण रजिस्टर चालू ठेवायला सांगितलं. कारण पाऊस आला की कूलर बंद होणार, लाईन सुधारणार आणि बिघाड आपोआप थांबल्यासारखा वाटणार. पावसाआधीच्या आठवड्यात ताईंनी सात वेळा “ट्यूबलाईट मिचकावली” लिहिलं. सातही वेळा पुढे लिहिलं होतं, “सर्व्हर चालू.” ही सात वाक्यं माझ्यासाठी खरा पुरावा होती.

ते रजिस्टर मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, “कारण मी नाही शोधलं, या मॅडमनी शोधलं.” साहेबांनी पानं उलटली, चष्मा काढला, आणि एवढंच म्हणाले, “मॅडम, चहा सांगा, तुमच्यासाठी पण.” माफी वगैरे नाही मागितली. पण महिनाअखेर दुसरा माणूस काही आला नाही. ताई अजून तिथेच आहेत.

तर मंडळी, ‘रँडम’ म्हणजे बहुतेक वेळा ‘अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही’. आणि मशीनजवळ जो माणूस असतो, त्यालाच आपण आधी आरोपी करतो, खरं तर तो आपला एकमेव साक्षीदार असतो. तुमच्या ऑफिसात, दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये काही ‘असंच’ बंद पडत असेल, तर आज एक वही घ्या. तारीख, वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं. एवढंच.

आणि हो, घरच्या यूपीएसच्या बॅटरीवरची तारीख बघा आधी. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. पाणी पीत राहा, उन्हात फिरू नका!