खाडा लिहिणाऱ्या बायका

मला सात मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘नाक्यावरच्या साक्षीदार’. साक्षीदार म्हटलं की कोर्ट डोळ्यापुढे येतं. मी त्यांना खाडा लिहिणाऱ्या बायका म्हणते. का, ते सांगते.

आमच्या घरी दूध घालायला गवळी यायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर आणि त्याला दोऱ्याने बांधलेली बोटभर पेन्सिल. आई रोज तारखेच्या चौकोनात लिहायची, ‘दीड’. नाही आला की ‘खाडा’. उशिरा आला तर वेळ टाकायची. आणि हे सगळं गवळी दारात असतानाच, त्याला दिसेल असं. त्याने दुधातलं पाणी थांबलं का? छे! पण माप ओतताना त्याचा हात जरा सरळ राहायचा, आणि महिनाअखेरीला ‘मी तर रोज आलो, वहिनी’ असं म्हणायची सोय राहायची नाही.

आता इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत चला. तिथे ‘मखसोम वॉच’ नावाची इस्रायली बायकांची संघटना आहे. मखसोम म्हणजे अडसर, नाका. शब्द हिब्रू, पण पॅलेस्टिनी लोकांच्या अरबी बोलण्यातही तोच रुळलाय. ज्याचा नाका, त्याचाच शब्द. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, २००० च्या सप्टेंबरात पेटला, आणि २००१ च्या सुरुवातीला तिघीजणींनी हे काम हाती घेतलं. पुढे त्या काहीशे झाल्या. सगळ्या बायका, बऱ्याचशा नोकरीतून निवृत्त, नातवंडं असलेल्या. सकाळची पाळी, दुपारची पाळी. नाक्यावर जायचं, उभं राहायचं, बघायचं आणि लिहायचं.

काय लिहायचं? इथे लक्ष द्या, कारण ऐकणारे नेमके इथेच कंटाळतात. आपण किती वाजता पोचलो. रांगेत अंदाजे किती माणसं. खिडक्या किती, त्यातल्या उघड्या किती. ओळखपत्र काढून घेऊन कुणाकुणाला बाजूला बसवलंय आणि केव्हापासून. रुग्णवाहिका आली केव्हा, सुटली केव्हा. एवढंच. मग तारीखवार अहवाल प्रसिद्ध करायचा. वीस वर्षांवर हेच चाललंय.

तुमच्यातल्या काहींना व्हायोलिनची बातमी आठवत असेल. नोव्हेंबर २००४, नाब्लुसजवळचा बैत इबा नाका. एक पॅलेस्टिनी माणूस सैनिकांसमोर उभा राहून व्हायोलिन वाजवतोय, मागे रांग खोळंबलीय. यांच्यातल्याच एकीने ते टिपलं. इस्रायलमध्ये गदारोळ उठला, कारण छळछावण्यांत ज्यू कैद्यांना वाद्यं वाजवायला लावत, ती आठवण त्या समाजात अजून ओली आहे. सैनिकांनी वाजवायला लावलं की तो आपणहून वाजवू लागला, यावर वाद झाला तो झालाच. पण मला व्हायोलिनबद्दल बोलायचं नाही. मला आदल्या दिवशीबद्दल बोलायचंय! आदल्या दिवशीही तिथे रांग होतीच. ती कुणी छापली नाही. आपल्याला, म्हणजे तुम्हाला आणि मलाही, व्हायोलिन असल्याशिवाय बातमी दिसत नाही. रागावू नका, पण खरं आहे ते.

आणखी एक. हे नाके सरहद्दीवर असतात असं धरून चालू नका. कितीतरी नाके पॅलेस्टिनी गाव आणि पॅलेस्टिनी गाव यांच्या मधे आहेत. नाब्लुसच्या दक्षिणेचा हुवारा नाका कित्येक वर्षं असाच शहराच्या तोंडाशी होता. सगळी वेस्ट बँक आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून लहान. तेवढ्यात नाके, फाटकं, मातीचे ढीग, सिमेंटचे ठोकळे असे एकूण ८४९ अडथळे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी मदत कार्यालयाने २०२५ च्या सुरुवातीला मोजले. म्हणजे कॉलेजला जाणारी मुलगी घरातून निघते तेव्हा अंतर ठाऊक असतं, वेळ ठाऊक नसते. म्हणून वेळ लिहायची. मी पुन्हा सांगते, वेळ. मारहाण झाली तर तिची बातमी होते. तास गेला तर तो कुणाच्याच वहीत नसतो.

सैनिक अठरा-वीस वर्षांची पोरं. तिथे लष्करी सेवा सक्तीची, त्यामुळे या बायकांपैकी अनेकींची स्वतःची मुलंही गणवेशात राहून आलेली. समोर आजीच्या वयाची बाई वही घेऊन उभी राहिली की काही पोरं ओशाळतात, काही चिडतात, काही हुज्जत घालतात. आसपासच्या ज्यू वसाहतींतले लोक तर यांना देशद्रोही म्हणून शिव्या देतात. आमचा गवळी नुसतं ‘लिहा, लिहा’ म्हणायचा.

पण गवळ्याची उपमा इथे लंगडी पडते. गवळी बदलता येतो. शिवाय दूध आपल्यालाच हवं असतं. नाका रांगेतल्या कुणालाच नको असतो. आणि या बायकांनाही तो नकोच आहे, त्यांना ताबाच संपायला हवाय. इथूनच त्यांच्यातला जुना वाद निघतो. रांगेवर छप्पर घाला, पाणी ठेवा, संडास बांधा, असं सांगायचं की नाही? सांगितलं तर नाका जरा माणसात येतो, आणि माणसात आला की टिकतो. जेरुसलेम आणि रामल्लाच्या मधल्या कलंदियाला मोठं ठाणं बांधलं, फिरती लोखंडी दारं बसवली, आणि वर फुलाचं चित्र काढून पाटी लावली, ‘आपणा सर्वांची आशा’. वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर... नाही, त्यात शिरले तर वेळ पुरायचा नाही.

वहीचा उपयोग मात्र सांगते. बेथलेहेमच्या नाक्यावर पहाट व्हायच्या आधीपासून इस्रायलमध्ये कामाला जाणारे गवंडी, सुतार, रंगारी दाटीवाटीने उभे असायचे. ऑक्टोबर २०२३ नंतर बहुतेकांचे परवाने थांबले. रांग आखडली ती नाका सुधारला म्हणून नव्हे, माणसांनाच येऊ देत नाहीत म्हणून. पहिल्या चौकोनापासून वही लिहिलेली असली तरच हा फरक कळतो. नुसतं आजचं पान बघणाऱ्याला वाटेल, वा, गर्दी कमी झाली!

स्टुडिओच्या काचेपलीकडून थांबायच्या खुणा व्हायला लागल्यात. शेतीच्या फाटकांचं राहिलंच की. थोडक्यात सांगते. इस्रायलने उभारलेली कुंपणाची भिंत बऱ्याच ठिकाणी वेस्ट बँकेच्या आतून जाते. घर अलीकडे, स्वतःची ऑलिव्हची झाडं पलीकडे. मधे फाटक, जायला परवाना. काही फाटकं दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा वेळ उघडतात, काही नुसती तोडणीच्या हंगामात. किल्ली सैनिकाकडे. तो येईपर्यंत शेतकरी गाढव धरून उभा. तिथेही या बायका घड्याळ घेऊन जातात. ठरलेली वेळ लिहितात, खरोखर उघडल्याची वेळ तिच्याशेजारी लिहितात, आणि ज्या दिवशी किल्लीवाला येतच नाही, त्या दिवशी... हो, हो, थांबते.