वाळू साऱ्यांची, सिलिकॉन मोजक्यांचे

मोबाइलमधली चिप वाळूपासून बनते, असे आपण ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत भेसळ फार. कारखान्यांना लागते ती स्वच्छ गार, म्हणजे क्वार्ट्झ. विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर ती सुमारे २००० अंशांवर तापवली की ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळते. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना ते पुरते, चिपला नाही. भारताच्या १४० कोटींच्या गर्दीत एखादाच परका असावा, चिपला चालणारी भेसळ जास्तीत जास्त एवढीच. सौरघटाचे त्याहून थोड्या कमी शुद्धतेवर भागते.

ही शुद्धता येते कशी? सिलिकॉनची भुकटी हायड्रोजन क्लोराइड वायूबरोबर तापवून ट्रायक्लोरोसिलेन नावाचा द्रव करतात. तो ३२ अंशांनाच उकळतो; म्हणून वाफ करून, पुन्हा थंड करून तो शुद्ध करता येतो. मग त्याची वाफ हायड्रोजनसह सुमारे ११०० अंशांना तापलेल्या सिलिकॉनच्या बारीक कांड्यांवर सोडतात. त्यांवर शुद्ध सिलिकॉनचा थर चढत राहतो. दिवसचे दिवस लागतात आणि वीज अफाट. हे झाले पॉलिसिलिकॉन. ते वितळवून त्यातून एकसंध स्फटिक हळूहळू वर ओढायची रीत पोलंडचे यान चोक्राल्स्की यांना १९१६ मध्ये सापडली. त्या स्फटिकाच्या पातळ चकत्या म्हणजे वेफर.

यातले काहीच गुपित नाही, तरी हा उद्योग मोजक्यांच्याच हाती आहे. चिपसाठीच्या पॉलिसिलिकॉनमध्ये जर्मनीची वाकर आणि अमेरिकेची हेमलॉक ही मोठी नावे. चिपच्या वेफरपैकी जगातले सुमारे निम्मे जपानच्या शिन-एत्सू आणि सुमको या दोन कंपन्यांचे. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने शिन-एत्सूचा शिराकावा येथील कारखाना थांबला, तेव्हा दूरदूरच्या चिप उत्पादकांना घोर लागला.

सौर बाजूची गोष्ट वेगळी. २००८ साली पॉलिसिलिकॉनचा भाव किलोला ४०० डॉलरच्या वर गेला. जो तो कारखाने काढू लागला, माल वाढला आणि भाव कोसळले. अनेकांनी टाळे लावले. स्वस्त, बरीचशी कोळशाची वीज आणि सरकारी पाठबळ असलेला चीन टिकला. सौर पॅनेल निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले.

आपल्याकडे पॅनेल जोडणारे कारखाने झपाट्याने वाढले. आतल्या सिलिकॉनचा माग काढला तर तो बहुधा चीनला पोहोचतो. आयात तेलाइतका हा धोका तातडीचा नाही. पुरवठा थांबला तरी छपरावर बसवलेले पॅनेल वीज देतच राहते. अडते ते पुढचे पॅनेल. म्हणूनच तयारीला थोडी सवड आहे. कारखाना उभारायला पैसा लागतो, तो मिळेलही. खरी कसोटी पुढची आहे : भाव पडतील त्या वर्षीही आपण त्याची भट्टी पेटती ठेवणार का?