लिंबायतची बाळंतीण आणि आपण

(महिला शाखेच्या मेळाव्यातील भाषण)



सुरतेत मराठी माणसाचे नाव निघाले की आजही कोणीतरी १६६४ ची लूट काढतो. आपण हसून सोडून देतो. पण १८९५ साली याच शहरात आलेल्या डॉ. रखमाबाईंचे नाव आपल्याच घरांतल्या मुलांना ठाऊक नसते. लंडनला वैद्यकी शिकून त्या इथल्या स्त्रियांच्या दवाखान्यात आल्या आणि वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्या काळी बाईने दवाखान्यात जायचे तर घरच्यांची लाज आड येई. आज लिंबायतमध्ये लाज नाही, भीती आड येते.

गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका गल्लीत दोन टोळक्यांत तलवारी निघाल्या. त्याच रात्री चार घरे सोडून एका बाईला कळा सुरू झाल्या. नवरा लूमवर रात्रपाळीला. सासूने दार उघडले नाही. आम्ही नंतर भेटायला गेलो तेव्हा विचारले, १०८ ला फोन का नाही केला? त्या म्हणाल्या, गाडी आली की सगळी गल्ली बघते, मागोमाग पोलीस येतात, आणि उद्या पोरे म्हणणार की बातमी यांनीच दिली. पहाटेपर्यंत घरातच थांबले. बाई वाचली. मूल गेले.

सासूबाईंना दोष देणे सोपे आहे. त्या गल्लीत आम्हाला राहायचे नाही, त्यांना राहायचे आहे.

बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर उपचाराविना बाई साधारण दोन तासांत दगावू शकते. मातामृत्यूचा अभ्यास करणारे तीन ठिकाणी उशीर होतो असे सांगतात : घरात निर्णय घ्यायला, दवाखाना गाठायला, आणि दवाखान्यात उपचार मिळायला. गुजरातने दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिरावर पुष्कळ काम केले. २००५ मध्ये चिरंजीवी योजना आली, २००७ मध्ये १०८ ची गाडी आली, २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि नेणे-आणणे फुकट झाले. स्मीमेर लिंबायतपासून लांब नाही. पण दारच उघडले नाही तर जवळचा दवाखाना काय कामाचा?

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोललीच पाहिजे. १ डिसेंबर २०१९ पासून गुजरातेत गुजसीटोक कायदा लागू झाला आणि सुरतेतल्या टोळ्यांवरही तो लावला गेला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. हप्तेखोरीने गांजलेला दुकानदारही आपलाच आहे. पण पोरगा आत गेला किंवा तडीपार झाला की त्याची गरोदर बायको एकटी पडते. शेजारी बोलत नाहीत, रिक्षावाला थांबत नाही. अशा एका मुलीला एका दवाखान्यात 'नवऱ्याची सही आणा' म्हणून सांगितले. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हे तिला कोण सांगणार? मातृवंदना योजनेत पूर्वी नवऱ्याचे आधारकार्ड मागत, २०२२ च्या नव्या नियमांत ती सक्ती गेली. तिच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून पुष्कळ घरे सुनेला गाडीत बसवून नंदुरबार-जळगावकडे गावी पाठवतात. पहिलटकरीण माहेरी जाते ते ठीक, पण आता तिसऱ्या खेपेलाही 'गावी निर्धास्त' म्हणतात. ममता कार्ड इथे, बाई तिथे. रक्त किती, दाब किती, तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसते.

आता आपल्याबद्दल. आपली घरे चार-चार पिढ्या इथे आहेत. लिंबायत, डिंडोलीचे खानदेशी लोक अहिराणी बोलतात, लूमवर राबतात, आणि आपण त्यांना 'तिकडचे' म्हणतो. गणपतीची वर्गणी मात्र तिकडूनही येते! मतांच्या वेळी तर आपण सगळे एकच मराठी समाज असतो. २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये लिंबायतमधून मराठी बाई आमदार झाल्या, त्याचे पेढे आपणही खाल्ले. मग या गल्ल्यांतल्या बाळंतिणीचा प्रश्न आपल्या एकाही ठरावात कधी आला का? आम्ही जुनी इतिवृत्ते चाळली. नाही आला.

यंदा तो ठराव आम्ही मांडत आहोत. बंदोबस्त असलेल्या भागात १०८ ची गाडी अडू नये आणि बाळंतिणीच्या घरी त्या वेळी पोलिसांनी चौकशी करू नये, हे पोलीस आयुक्तांकडे लेखी मागायचे. महापालिकेच्या दवाखान्यात रात्री मराठी समजणारी एक बाई बसवावी, हे नगरसेवकांकडे मागायचे. उमेदवार मते मागायला येतील तेव्हा हेच दोन कागद त्यांच्या हातात द्यायचे.

तोवर आपल्याकडे अठवा, अडाजणला गाड्या उभ्या आहेत. पुढल्या महिन्यात दिवस भरणाऱ्या बायकांची नावे आशाताईंकडे असतात. बायकांची तयारी असेल त्यांना आम्ही भेटणार आहोत. रात्री फोन आला तर गाडी आणि सोबत एक बाई हवी. साधी घरगुती गाडी आली तर गल्ली तितकी बघत नाही. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव, फोन आणि आठवड्याची कोणती रात्र जमेल ते लिहावे. शनिवारची रात्र आम्ही घेतली आहे, बाकीच्या सहा रिकाम्या आहेत.